घरातला मोठा पडदा : आधी खोली मोजा, मग बाजार गाठा

कोलकात्याच्या एस्प्लनेडला, म्हणजेच तिथल्या लोकांच्या धर्मतल्याला, मोठ्या पडद्याचे वेड फार जुने आहे. जमशेटजी फ्रामजी मादन यांनी १९०२ मध्ये इथल्याच मैदानावर तंबू ठोकून बायोस्कोपचे खेळ सुरू केले आणि १९०७ मध्ये जवळच एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारला. १९३५ मध्ये चौरंगीवर मेट्रो चित्रपटगृह झाले. मुंबईकरांना धोबीतलावचे मेट्रो ठाऊक आहे, ते त्याच अमेरिकन कंपनीचे १९३८ सालचे धाकटे भावंड. आज एल्फिन्स्टनची इमारत उरलेली नाही, लाइटहाउसमध्ये दुकाने आली आणि मेट्रोचे मल्टिप्लेक्स झाले. मात्र एस्प्लनेडहून चालत दहा मिनिटांवर चांदनी चौकाचा बाजार आहे. मुंबईत जसा लॅमिंग्टन रोड, तसा कोलकात्यात हा चांदनी चौक. चित्रपटगृहातला तो मोठा पडदा आता तिथे गुंडाळून, खोक्यात घालून विकत मिळतो.

होम थिएटरची हौस काही आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. पण प्रोजेक्टर म्हणजे साडी नव्हे, की रंग पसंत पडला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बदलून आणावी. छताला भोके पडतात, भिंतीतून वायरी जातात आणि मोठी रक्कम एकदम खर्च होते. त्यातच बहुतेक घरांत ‘थिएटर’साठी वेगळी खोली नसते. ज्या खोलीत चित्रपट पाहायचा, तिथेच पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात आणि रात्री आजी झोपते. म्हणून निर्णय एकट्याने न घेता सर्वांनी बसून घ्यावा, आणि दुकानात जाण्याआधी घरात घ्यावा.

आधी भिंत, मग प्रोजेक्टर

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती इंची पडदा हवा?’ उत्साहाच्या भरात दीडशे इंच असे उत्तर देऊन बसू नये. शंभर इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत शंभर इंच. त्याची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर आणि उंची सुमारे १२५ सेंटिमीटर भरते. एवढ्या मापाचा चौकोन चिकटपट्टीने भिंतीवर आखावा किंवा जुनी वर्तमानपत्रे जोडून लावावीत. दोन-तीन दिवस तो तसाच राहू द्यावा आणि सर्वांनी नेहमीच्या जागी बसून पाहावे. खर्च काहीच नाही, पण अर्धी भांडणे इथेच मिटतात.

बसण्याचे अंतर पडद्याच्या रुंदीच्या साधारण १.४ ते १.९ पट असावे. शंभर इंची पडद्यासाठी हे अंतर दहा ते चौदा फूट होते. एकशेवीस इंची पडद्यासाठी किमान बारा फूट हवेत. खोलीच बारा फुटांची असेल, तर सोफ्याची जागा वजा जाता शंभर इंच पुरे. त्याहून मोठ्या पडद्यावर चित्र भव्य दिसते खरे, पण मान सतत इकडून तिकडे फिरवावी लागते.

प्रोजेक्टर कुठे बसेल?

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. पडद्याच्या रुंदीला या आकड्याने गुणले, की प्रोजेक्टर किती दूर ठेवायचा ते कळते. रेशो १.५ असेल, तर शंभर इंची चित्रासाठी २२१ गुणिले १.५, म्हणजे सुमारे ३३० सेंटिमीटर, जवळजवळ अकरा फूट लागतात. प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागे हवा खेळायला मोकळी जागा धरली, तर बारा फुटी खोलीत तो जेमतेम मावतो. अशा वेळी १.२ रेशोचे यंत्र पाहावे. त्याला पावणेनऊ फूट पुरतात.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे छताचा पंखा. प्रोजेक्टर छताला आणि पंखा मधोमध असला, तर पात्यांच्या सावल्या चित्रावर फिरत राहतात. प्रोजेक्टरचा दांडा लांब घेऊन प्रकाश पंख्याखालून न्यावा किंवा मागच्या भिंतीवर फळी ठोकून यंत्र तिच्यावर ठेवावे.

यंत्र तिरके ठेवून चित्र ‘कीस्टोन’ने सरळ करता येते, असे विक्रेते सांगतात. ते खोटे नाही, पण या दुरुस्तीत चित्राचा काही भाग वाया जातो आणि रेखीवपणा कमी होतो. शक्य तर भिंग वरखाली सरकवण्याची सोय, म्हणजे ‘लेन्स शिफ्ट’ असलेले यंत्र घ्यावे. नाहीतर यंत्र पडद्याच्या बरोबर समोर बसवावे.

आकड्यांना भुलू नका

खोक्यावर छापलेले ‘दहा हजार ल्युमेन’ पाहून हुरळून जाऊ नये. ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेन किती, एवढेच विचारावे. उत्तर टाळले गेले, तर पुढच्या दुकानात जावे. मुळात अंधाऱ्या खोलीला फार प्रकाश लागत नाही. चित्रपटगृहाच्या मापाने शंभर इंची साध्या पांढऱ्या पडद्याला पाचशेच्या आसपास खरे ल्युमेन पुरतात. मात्र चित्रपटासाठीच्या सौम्य ‘सिनेमा मोड’मध्ये प्रकाश कमी होतो आणि दिवा जुना होईल तसा आणखी मंदावतो. म्हणून दीड-दोन हजार खऱ्या ल्युमेनचे यंत्र घेतले, की रात्री पाहणाऱ्या घराची सोय होते. दिवसा क्रिकेट पाहायचे असेल, तर यंत्रावर जास्त पैसे घालण्याआधी खिडकीला जाड पडदे लावावेत. भर उजेडात कोणताही प्रोजेक्टर टीव्हीची बरोबरी करत नाही.

दिव्याचाही हिशेब करावा. साधा दिवा चार हजार तास टिकला, तर रोज तीन तासांप्रमाणे चार वर्षांच्या आतच नवा घ्यावा लागतो. लेसर यंत्रांसाठी कंपन्या सहसा वीस हजार तास सांगतात. त्याच हिशेबाने ती अठरा वर्षे होतात. यंत्र महाग वाटले, तरी दिव्यांचा खर्च वाचतो. ज्यांच्या घरी फक्त शनिवार-रविवारी चित्रपट पाहिला जातो, त्यांना मात्र साधा दिवाही बरीच वर्षे पुरेल.

मोटारचा पडदा कुणाला हवा?

बटण दाबताच सर्रकन खाली येणारा पडदा पाहुण्यांवर छाप पाडतो, यात शंका नाही. पण भिंत मोकळी असेल, तर चौकटीत ताणून बसवलेला पडदा अधिक सपाट राहतो आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. मोटारचा पडदा खरा उपयोगी पडतो तो त्याच भिंतीवर खिडकी, कपाट, देव्हारा किंवा रोजचा टीव्ही असेल तेव्हा. चित्रपट संपला, पडदा वर गेला, की खोली पुन्हा सर्वांची होते. एका खोलीत तीन पिढ्या वावरत असतील, तर ही सोय लहान नव्हे.

असा पडदा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

● साध्या गुंडाळीच्या कापडाला काही काळाने कडेने वळ्या पडतात. दोन्ही बाजूंनी दोऱ्यांनी ताणलेला ‘टॅब टेन्शन’ पडदा महाग असतो, पण सपाट राहतो. पंख्याच्या वाऱ्याने तो कमी हलतो.

● भिंतीलगत ठेवायचा ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’ प्रोजेक्टर घेणार असाल, तर साधा गुंडाळीचा पडदा नकोच. बारीकशी सुरकुतीही चित्रात लाटेसारखी दिसते.

● पडद्याची नळी चित्राच्या रुंदीहून लांब असते. भिंत मोजताना चित्र नव्हे, नळी मोजावी.

● चित्राच्या वर काळा पट्टा पुरेसा हवा, म्हणजे चित्र बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते. छत उंच असलेल्या जुन्या घरांत हे विसरले, तर सर्वांना माना वर करून बसावे लागते.

● मोटारसाठी विजेची जोडणी छताजवळ लागते. ती रंगकामापूर्वीच करून घ्यावी.

दुकानात काय तपासावे?

दुकानात यंत्र नेहमी झगझगीत ‘डायनॅमिक मोड’वर चालवून दाखवतात. दिवे बंद करायला लावून ‘सिनेमा मोड’ मागावा. आपल्या ओळखीचा चित्रपट सोबत न्यावा आणि त्यातला रात्रीचा प्रसंग पाहावा. काळे केस आणि काळा कोट वेगळे दिसतात की नाही, खालची अक्षरे चारही कोपऱ्यांत तितकीच स्पष्ट आहेत की नाही, हे पाहावे. काही डीएलपी यंत्रांत नजर झरकन फिरवली, की काहींना इंद्रधनुष्यासारख्या रेषा दिसतात. घरातल्या प्रत्येकाने ही परीक्षा स्वतः करावी, कारण एकाला न दिसणाऱ्या या रेषांनी दुसऱ्याचे डोके दुखू शकते.

पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी यांवर तडजोड करू नये. दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे का, हेही विचारून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तेव्हा ‘बिलाशिवाय स्वस्त’ या आमिषात पूर्वीइतकाही फायदा उरलेला नाही.

घरी आणल्यावर

कोलकाता असो वा कोकण, दमट हवा भिंगाची आणि कापडाची वैरीण. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी यंत्र चालवावे आणि पडदा पूर्ण उघडून ठेवावा. ओलसर पडदा गुंडाळू नये, त्यावर बुरशीचे डाग पडतात. जाळी असेल तर ती वेळोवेळी साफ करावी. दिव्याच्या यंत्राला यूपीएस जोडावा. वीज अचानक गेली, तर आतला पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याचे आयुष्य घटते.

सगळे पैसे चित्रावर उधळू नयेत. प्रोजेक्टरचा आतला स्पीकर सहसा केविलवाणा असतो, म्हणून आवाजासाठी रक्कम आधीच बाजूला काढावी. यादी लिहून बेरीज करावी आणि ती जास्त झाली, तर पडदा लहान करावा, आवाज नव्हे. ऐंशी इंची पडद्यावर चांगल्या आवाजात घरातल्या सर्वांनी मिळून पाहिलेला चित्रपट हा दीडशे इंची पडद्यावर एकट्याने पाहिलेल्या चित्रपटापेक्षा केव्हाही मोठा.