घर-संसार : भुईवर निजणारे लेकरू



खर्डीकडच्या एका घरात सासू-सुनेचा वाद लागला आहे आणि तो सोडवायला आपल्या या पानाकडे आला आहे. नातू दीड वर्षाचा. पाळण्यात मावेना, म्हणून त्याला आईशेजारी बाजेवर निजवू लागले. मागच्या महिन्यात रात्री तो बाजेवरून खाली पडला, कपाळाला टेंगूळ आले. तेव्हापासून सून त्याला भुईवर गोधडी घालून निजवते. सासूबाई म्हणतात, "पावसाळ्याचे दिवस, भुईवर पोर निजवू नको." सून म्हणते, "आपण सगळे भुईवरच निजून मोठे झालो ना?"

दोघींचेही खरे आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

सुनेची बाजू आधी घेऊ. या वयाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते पडले की डोक्यावर पडते. भुईवर निजलेले मूल लोळत गोधडीबाहेर गेले तरी त्याला काही होत नाही. हल्ली शहरातल्या सुशिक्षित घरांतही मुद्दाम खाली, बुटक्या गादीवर मुलाला निजवतात. मूळ विचार इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंचा. मुलाला आपले आपण उठता यावे, हिंडता यावे, असे त्यांचे म्हणणे होते. याच बाईंची बालशिक्षणाची पद्धत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेली; १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला. तेव्हा भुईवर निजवणे म्हणजे गावंढळपणा, असे कोणी म्हणू नये.

पण शहरातली ती खोली आणि आपली खोली यांत फरक आहे. तिथे फरशी, बंद दारे, तिसरा मजला. आपल्याकडे कुडाची किंवा विटांची भिंत, शेणाने सारवलेली भुई, कोपऱ्यात भाताची कणगी, माळ्यावर पेंढा, दाराशी सरपण, खाटेखाली कोंबड्यांचे खुराडे. धान्य आले की उंदीर आला आणि उंदरामागे साप आला. सासूबाईंची भीती इथली आहे आणि ती मनाची समजूत नव्हे. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातल्या चार महिन्यांतले.

भुईवर निजणाऱ्याचा खरा वैरी मण्यार. काळानिळा चकचकीत साप, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. दिवसा तो सुस्त असतो, रात्री फिरतो. मुद्दाम कोणाच्या अंगावर येत नाही, पण भक्ष्य शोधत गोधडीपाशी येतो आणि झोपेत हातपाय हलला की चावतो. त्याचे दात इतके बारीक की चावलेले पुष्कळदा कळतच नाही. सूज नाही, आग नाही, खूण असली तर मुंगी चावल्याएवढी. मोठे माणूस तरी सांगेल, दीड वर्षाचे पोर काय सांगणार?

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. रात्री चांगले निजलेले मूल मध्यरात्री किंवा पहाटे पोट धरून रडू लागले, ओकू लागले, पापण्या जड होऊन खाली पडू लागल्या, आवाज बदलला, लाळ गिळता येईना, मान लटकू लागली, तर ते पोटदुखी म्हणून ओव्याचा अर्क देत बसू नका. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळू नका आणि भगताकडे तर मुळीच जाऊ नका. चाव्याची खूण सापडली नाही तरी १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा : "पोर रात्री भुईवर निजले होते." त्या एका वाक्याने त्यांचा बराच वेळ वाचेल. वाटेत घट्ट बांधू नये, ब्लेड लावू नये, चोखू नये. पोराला चालू देऊ नये, कुशीवर निजवून न्यावे, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही.

सापाच्या विषावरचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मूल लहान म्हणून ते कमी द्यायचे नसते. साप विष टोचताना अंगमान बघत नाही, तेव्हा औषधही मोठ्या माणसाइतकेच लागते. डॉक्टर भरपूर बाटल्या लावताना दिसले तर घाबरून हात धरू नका. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. उशीर झाला की नुसत्या इंजेक्शनाने भागत नाही, कधी कित्येक दिवस यंत्राने श्वास द्यावा लागतो. तेवढा काळ श्वास चालू ठेवता आला तर मूल पुन्हा उठून चालू लागते. म्हणून पहिला तास फार मोलाचा.

विंचवाचेही थोडे सांगते. लाल विंचू चावला की मूल किंचाळून उठते, म्हणजे कळते तरी. मग घाम सुटला, हातपाय गार पडले, ओकाऱ्या झाल्या तर विष हृदयाकडे चालले आहे असे समजा. पूर्वी कोकणात अशी पुष्कळ मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरून ते मृत्यू फार खाली आणले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ती गोळीही डॉक्टरांनीच द्यायची, घरी नव्हे.

आता तुमच्या वादाकडे येऊ. माझे मत विचाराल तर बाज की भुई हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न मच्छरदाणीचा. नेपाळच्या तराईत, आपल्यासारख्याच भातशेतीच्या मुलखात, एक अभ्यास झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत निजणाऱ्यांना झोपेत साप चावण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. मात्र मच्छरदाणी लोंबती ठेवून उपयोग नाही. चारी कडा चटईखाली किंवा गोधडीखाली खोचलेल्या हव्यात आणि खोचण्याआधी आत बॅटरी फिरवून बघायला हवे. खाली कापड शिवलेली, चेन लावायची घडीची मच्छरदाणी बाजारात मिळते, ती भुईवर फार सोयीची. ती नसेल तर साध्या मच्छरदाणीच्या कडेला जुन्या लुगड्याची हातभर पट्टी शिवा, म्हणजे खोचायला पुरते. मशेरीचे पैसे चार महिने वाचवले तरी मच्छरदाणी येते, हे रागावू नका तर सांगते.

बाज ठेवायची असेल तर सुताराकडून पाय कापून वीतभर-दीडवीत उंचीची करून घ्या, म्हणजे पोर पडले तरी लागत नाही. भिंतीपासून ती हातभर दूर असू द्या. भिंतीला जवळपास टेकलेली बाज सगळ्यांत वाईट, त्या फटीत मूल अडकून गुदमरते. पांघरूण भुईला लोंबू देऊ नका आणि खुराडे खाटेखालून आजच बाहेर काढा. कणगी दुसऱ्या खोलीत हलवता आली तर उत्तम. नाहीच जमले तर निजायची जागा तिच्यापासून लांब घ्या आणि बिळे दगड-मातीने बुजवा. पोराच्या हातातली भाकरी अंथरुणात सांडते, ती निजण्यापूर्वी झाडून काढा. उंदीर त्या तुकड्यांसाठीच येतो.

आणखी एक गोष्ट सुनेने ध्यानात घ्यावी. भुईवरचे मूल रात्री उठून चालू लागते. निखारे असलेली चूल, रॉकेलची बाटली, पाण्याची बादली, फवारणीचे औषध हे सारे त्याच्या वाटेत येते. चार बोटे पाण्यातही एवढे मूल तोंडावर पडून बुडते. बादली उपडी घाला, दाराला वरची कडी लावा. शेजारी निजणारा माणूस दारू पिऊन आला असेल तर त्या रात्री मूल त्याच्या अंथरुणात नको. तान्ह्या बाळाला तर उताणेच निजवावे, टणक अंथरुणावर, उशी न देता.

आपल्यातल्या कितीतरी घरांना दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावे लागते. तिथे खोपटे, खाली उघडी माती, शेजारी विटांचे ढीग, म्हणजे विंचवाला आयतेच घर. भांडीकुंडी बांधताना मच्छरदाणी बोचक्याच्या तळाशी टाकू नका, वर ठेवा. पोहोचाल त्या पहिल्याच रात्री ती लागणार आहे.