फावड्यावरच्या थापा
कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या कोस्ट माउंटन्समध्ये बॅककंट्री स्कीइंगचा दिवस चढण्याने सुरू होतो. लिफ्ट नसते, स्कीच्या तळाला लव असलेली पट्टी चिकटवायची, ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. पॅसिफिकची ओल थेट या डोंगरांना येऊन धडकते, म्हणून इथला बर्फ जड आणि अमाप. खरी मेख त्याच्या थरांत आहे. ते थर पक्के आहेत का हे तपासायला खड्डा खणून बर्फाचा ३० सेंटिमीटर रुंद खांब मोकळा करतात, वर फावडं ठेवून आधी मनगटातून दहा थापा मारतात, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. बाराव्या थापेलाच वरचा थर सपकन सरकला, तर आकाश कितीही निळं असो, तो उतार सोडावा, असं माझं ठाम मत आहे. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्कीची खरी मजाही नेमकी तिथेच! गाडला गेलेला माणूस वाचवायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात बाहेरून कोण पोचणार? शोधायचं सोबत्यांनीच. म्हणून निघताना एकजण पुढे थांबतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात आणि प्रत्येकाच्या ट्रान्सीव्हरचा, म्हणजे गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधलेल्या यंत्राचा, सिग्नल लागतोय ना, हे तो तपासून घेतो.