उकईचं गणित लोकांसमोर मांडा

सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या आम्हा खानदेशी मंडळींना पुराची चाहूल गावाकडून लागते. भुसावळहून भाचा फोनवर सांगतो, "मामा, हतनूरचे दरवाजे उघडले." ते पाणी तापीतून खाली उकई धरणात येणार आणि उकईतून किती सुटतं त्यावर सुरतेचं भवितव्य.

ऑगस्ट २००६ मध्ये उकईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि रांदेर, अडाजणसह बहुतेक शहर बुडालं. तेव्हापासून माझ्यातल्या गणिताच्या शिक्षकाला एक प्रश्न सोडत नाही. धरण केव्हा किती भरू द्यायचं, हे कशाच्या आधारे ठरतं?

उकईची पूर्ण पातळी ३४५ फूट. भर पावसाळ्यात ती गाठायची नसते. तारखेगणिक ‘रूल लेव्हल’ ठरलेली असते, १ ऑगस्टला ३३३ फूट. वरची जागा पुरासाठी राखीव. ती जास्त ठेवावी, तर पुढे पावसाने दगा दिल्यावर कालवे आणि ३०० मेगावॉटचं वीजघर अडचणीत येतं. हा पेच सोडवणारी गणिती प्रारूपं आहेत. सुरतेच्याच एसव्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत उकईवर असं संशोधन झालं आहे. रोजचा विसर्ग अज्ञात धरायचा. कालचा साठा अधिक आवक, वजा विसर्ग आणि बाष्पीभवन, म्हणजे आजचा साठा. धरणाची क्षमता, कालव्यांची मागणी, नदीपात्राला पेलणारा प्रवाह या अटी. त्यांत बसणारं, सर्वांत कमी नुकसानीचं उत्तर संगणक शोधतो.

पण नुकसान कशाला म्हणायचं, ते त्याला माणसंच सांगतात. बारडोलीच्या उसाची एक पाळी चुकणं आणि अडाजणच्या घरात छातीभर पाणी शिरणं, यांना किती किती वजन द्यायचं? वजनं बदलली की उत्तर बदलतं. हा निर्णय आमच्या जिवाचा आहे, तो फाइलीत राहता कामा नये. दर जूनमध्ये रूल लेव्हल, त्यामागची वजनं आणि गृहीत धरलेला मोठ्यात मोठा पूर गुजराती, मराठी, हिंदीत जाहीर झालाच पाहिजे.

आणि उकईचा हिशेब एकट्या उकईवर मांडू नये. मुलताईच्या उगमापासून उकईपर्यंत तापी मुख्यतः मध्य प्रदेश-महाराष्ट्रातूनच येते. तिथला पाऊस आणि हतनूरचा विसर्ग त्याच प्रारूपात तासातासाला भरला, तर पाणी आधीपासून, बेताने सोडता येईल. आवकेपेक्षा दोन लाख क्युसेक जास्त सोडले, तर एका दिवसात सुमारे ४९ कोटी घनमीटर जागा मोकळी होते. दोन दिवस आधी कळलं, तर ९८ कोटी.