पुण्याचे अपील

शिवाजीनगरच्या न्यायालयात एकाच दंडाधिकाऱ्यापुढे एकाच सकाळी न वटलेल्या धनादेशाची फिर्याद, जी केंद्राच्या कायद्याखाली दाखल झालेली असते, आणि दारूबंदीचा खटला, जो १९४९ च्या प्रांतिक कायद्याखाली भरलेला असतो, लागोपाठ पुकारले जातात, आणि त्यात काही विशेष आहे असे पट्टेवाल्यापासून वकिलापर्यंत कोणासही वाटत नाही. ज्या अमेरिकेच्या राज्यघटनेकडे आपल्या घटनाकारांनी वारंवार पाहिले, तेथे मात्र संघराज्याची न्यायालये जिल्ह्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत स्वतंत्र उभी आहेत आणि प्रत्येक घटकराज्याची उतरंड त्यांच्या शेजारी निराळी आहे. आपण कायदे दोन ठिकाणी करतो, पण न्याय एकाच ठिकाणी मागतो. आणि हा भेद ध्यानी घेतल्यावाचून पुण्यात उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे या मागणीचे खरे बळ कळत नाही.

दुहेरी न्यायव्यवस्थेचा प्रयोग आपल्या मुलखाने पाहिलेला नाही असे नव्हे. मुंबई शहरात इंग्लंडच्या राजाचे न्यायालय आणि मुफसलात कंपनी सरकारच्या अदालती, त्यांच्यावर सदर दिवाणी अदालत, असा द्विभार्या संसार कित्येक वर्षे चालला होता, आणि पेशवाई बुडाल्यानंतरचे पुणे या दुसऱ्या घरात पडले होते. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले तेव्हा ही दोन्ही घरे एक झाली. पुढे १९३७ साली दिल्लीस फेडरल कोर्ट स्थापन झाले, ज्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत नंतर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. परंतु त्या न्यायालयालाही प्रांतोप्रांती आपली खालची न्यायालये नव्हती, आणि १९५० मध्ये त्याची जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

म्हणून आज पुणे जिल्ह्यातील माणसाची वाट एकच आहे. तालुक्याचा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, जो बहुधा प्रथम वर्ग दंडाधिकारीही असतो. त्याच्यावर वरिष्ठ स्तर. त्याच्यावर जिल्हा व सत्र न्यायाधीश. दिवाणी न्यायालयांची ही घडण मुळात १८६९ च्या कायद्याने बांधून दिलेली आहे. पेठांतील वाड्यांच्या घरभाड्याचे कज्जे लघुवाद न्यायालयात चालतात, आणि त्यांपैकी काही तर असे चिवट असतात की आजोबांनी घातलेल्या दाव्याच्या तारखेस नातू हजर राहतो. कौटुंबिक, सहकार आणि कामगार न्यायालये वेगळी आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. मुद्दा इतकाच की जामीन असो, दुसरे अपील असो, वा सरकारी हुकुमाविरुद्धचा रिट अर्ज असो, या साऱ्या वाटा सरतेशेवटी उच्च न्यायालयाच्या एकाच दाराशी येऊन मिळतात, आणि घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदाने खालच्या न्यायालयांवरील नियंत्रणही त्याच दारामागे ठेवले आहे. जेथे दार एकच असते तेथे ते किती लांब आहे या प्रश्नाला महत्त्व येते. १८७१ साली दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यास आलेले रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर नेमले गेले तेव्हा त्यांना मुंबईस जावे लागले. त्यांची ती बढती होती, आजच्या पक्षकाराचा तो खर्च आहे.

गंमत अशी की दिल्लीने आपली न्यायाधिकरणे पुण्यात आणून बसवली आहेत. प्राप्तिकराचे अपील अधिकरण येथे आहे, कर्जवसुलीचे आहे, आणि हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठही येथेच आहे, ज्याच्या निर्णयावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते. बँकेला, कारखानदाराला, करदात्याला जे शहर सोयीचे ठरले, ते जुन्नरच्या वा वेल्ह्याच्या शेतकऱ्याला गैरसोयीचे कसे ठरते, हे कोडे उलगडत नाही.

विधिमंडळाने १९७८ सालीच ठराव करून औरंगाबाद आणि पुणे या दोन्ही ठिकाणी कायम खंडपीठ व्हावे अशी शिफारस केली होती. औरंगाबादला ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी मिळाले, त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन टिकला नाही, आणि १९८४ मध्ये ते कायमही झाले. नागपूर आणि गोवा यांची पीठे आहेतच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी काम करू लागले, आणि तेथील जनतेच्या दीर्घ लढ्याचे ते न्याय्य फळ आहे. मात्र त्या सहांत पुणे नाही.

पुणे-मुंबई अंतर ते काय, आगगाडीने तीन-साडेतीन तासांचे, असे म्हणणारे आहेत, आणि पुणे स्टेशनच्या शेजारी राहणाऱ्या अशिलाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण आंबेगावच्या डोंगरातल्या माणसाला आधी तालुका, मग पुणे, मग मुंबई, तेथील वकिलाची फी आणि रात्रीचा मुक्काम एवढे करून पुढची तारीख घेऊन परतावे लागते. तरीही येथील वकीलमंडळींनी ही मागणी पुढे रेटण्यासाठी पूर्वी कामकाजावर बहिष्कार घातला, तो मात्र मला पटत नाही; ज्याच्या नावाने मागायचे त्याचीच तारीख बुडवायची, हा कसला कैवार?

पुण्यात उच्च न्यायालयाचे पीठ बसवण्यास संसदेच्या कायद्याची गरज नाही. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमान्वये मुख्य न्यायाधीश राज्यपालांच्या संमतीने हे करू शकतात. औरंगाबादेस आणि कोल्हापुरास तसेच झाले. राज्य सरकारने इमारत आणि कर्मचारी यांची तरतूद लेखी कळवावी आणि मुख्य न्यायाधीशांनी निदान पुणे जिल्ह्याच्या कामापुरते सर्किट बेंच येथे बसवावे, एवढी विनंती आहे.