मीटर खरे बोलते आहे का?

कपाटाच्या वरच्या फळीवरून वडिलांचा जुना कॅमेरा खाली येतो. शटर खटकन वाजते, व्ह्यूफाइंडरमधली मीटरची सुईही हलते. घरात ठरते, बाळाच्या बारशाचे फोटो याच कॅमेऱ्याने काढायचे! कल्पना छान आहे. पण सुई हलते म्हणजे ती खरे सांगते, असे नव्हे. फिल्मवरची चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर, आणि तोवर बाळाचे नाव ठेवून झालेले असते. म्हणून मीटरची परीक्षा आधीच घ्यावी. फिल्मचा वेग हाताने लावता येतो अशा कॅमेऱ्यात त्यासाठी रोल घालण्याचीही गरज नसते.

प्रथम बॅटरी पाहावी. १९६० आणि ७०च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांची मीटरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी १.५ व्होल्टची असते आणि वापरात तिचा दाब उतरत जातो. काही कॅमेऱ्यांत मीटर चुकते ते एवढ्यानेच. श्रवणयंत्रात घालतात ती ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास असते. ती लहान असल्याने भोवती कडे बसवावे लागते, पण दाब बराच स्थिर राहतो. लेन्सजवळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काच असेल, तर ते सेलेनियमचे मीटर. त्याला बॅटरी लागत नाही, मात्र वयोमानाने ते मंद होऊ शकते.

आता खरी परीक्षा, आणि परीक्षक सूर्य! आकाश निरभ्र असावे, वेळ सकाळी १० ते दुपारी ३ मधली. दिल्लीच्या धुक्यात किंवा कोकणच्या पावसाळ्यात ही परीक्षा घेऊ नये. फिल्मचा वेग १००वर आणि शटर १/१२५वर ठेवावे. अशा उन्हात योग्य अ‍ॅपर्चर एफ/१६ असते. फोटोच्या साहित्याच्या दुकानात १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड मिळते. ते उन्हात धरून, आपली सावली पडू न देता, पूर्ण चौकट भरेल इतक्या जवळून मीटर पाहावे. कार्ड नसेल तर तळहात चालेल. तो कार्डापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो, म्हणून त्यावर एफ/२२च्या आसपास आकडा आला तरी मीटर बरोबर समजावे.

कार्डावर अर्ध्या स्टॉपचा फरक आला तर काळजी नको. रंगीत निगेटिव्ह फिल्म तेवढे सहज सांभाळून घेते; स्लाइड फिल्म मात्र इतकी उदार नसते. मीटर एफ/११ सांगत असेल, तर ते उजेड कमी मोजत आहे आणि फोटो एक स्टॉप जास्त उजळ येतील. अशा वेळी १००ची फिल्म घालून वेगाची चकती २००वर ठेवावी. एफ/२२ सांगत असेल, तर ५०वर.

मात्र हा उपाय करण्यापूर्वी मीटर सगळीकडे सारखेच चुकते का, हे पाहावे. एकसारखा उजेड पडलेली साधी भिंत घ्यावी. आधी उन्हातली, मग सावलीतली, मग घरात दिव्याखालची. प्रत्येक ठिकाणी डिजिटल कॅमेऱ्याचा वेग आणि अ‍ॅपर्चर जुन्या कॅमेऱ्याइतकेच ठेवून दोन्हींचे शटरचे आकडे ताडून पाहावेत. फरक तिन्ही ठिकाणी तेवढाच असेल, तर चकती फिरवून काम भागते. पाच मिनिटे पुढे चालणारे घड्याळही घरात चालतेच, कारण घरच्यांना ते ठाऊक असते. पण उन्हात बरोबर आणि खोलीत दोन स्टॉप चुकीचे, असे मीटर असेल तर त्यावर विसंबू नये. ते जाणकार कारागिराला दाखवावे, किंवा दुसऱ्या मीटरने उजेड मोजावा.

शेवटी एक लक्षात ठेवावे. मीटर निर्दोष असले, तरी त्याला सगळे जग करडेच वाटते. पांढऱ्या दुपट्यातले बाळ चौकटभर असेल तर ते उजेड कमी करायला सांगते आणि दुपटे मळकट दिसते. तेव्हा अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडावे. काळ्या कोटातल्या आजोबांसाठी एक स्टॉप मिटावे. हा मीटरचा दोष नव्हे. मीटर फक्त उजेड मोजते; समोर काय आहे, ते फोटो काढणाऱ्यालाच दिसते.