दुकान दुसऱ्याचं, गिऱ्हाईक आपलं



रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीनं कधी प्रवास केलाय? साडेदहा-अकराच्या सुमारास गाडी एका ढाब्यासमोर थांबते. क्लीनर दारातून ओरडतो, "चला, वीस मिनिटं! जेवून घ्या!" आपण पेंगुळलेले, केस विस्कटलेले, खाली उतरतो आणि मिळेल त्या टेबलाशी बसतो. ड्रायव्हर आणि क्लीनर मात्र आतल्या बाजूला जाऊन बसतात. त्यांच्यापुढं गरमागरम ताट येतं, सोबत पापड, ताक... आणि बिल? ते काही येत नाही!

का बरं? ढाबेवाला काही त्यांचा मामा लागत नाही. पण त्यांनी एका दमात चाळीस गिऱ्हाइकं आणून त्याच्या दारात उतरवलेली असतात. भाजी ढाबेवाल्याची, आचारी ढाबेवाल्याचा, भांडीसुद्धा त्याचीच. ड्रायव्हरनं फक्त गाडी कुठं थांबवायची एवढं ठरवलं. त्याचं कमिशन म्हणजे ते ताट.

हीच पद्धत इंटरनेटवर चालते तेव्हा तिला 'ॲफिलिएट मार्केटिंग' असं भारदस्त नाव मिळतं. ॲफिलिएट म्हणजे संलग्न, जोडलेला. दुकान दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा. आपण गिऱ्हाईक पाठवायचं आणि त्यानं खरेदी केली, तर दुकानदारानं आपल्याला ठरलेली टक्केवारी द्यायची. दलालीच म्हणा ना. शब्द ऐकून नाक मुरडू नका हं! मार्केट यार्डातला अडत्या, विम्याचा एजंट हे सगळे कमिशनवरच पोट भरतात आणि त्यांतले कितीतरी जण सचोटीचे असतात.

आज हा विषय घेतला तो एका पत्रामुळं. नववीतला एक वाचक लिहितो, "काका, दादाच्या मित्रानं ॲफिलिएट मार्केटिंग सुरू केलंय. घरबसल्या महिन्याला पन्नास हजार मिळतात म्हणतो. पण आधी पाच हजार भरून त्याचा कोर्स घ्यावा लागतो. माझ्याकडे मुंजीचे पैसे आहेत. भरू का?"

उत्तर देणार आहे. पण आधी हे यंत्र उघडून आतली चाकं कशी फिरतात ते तर पाहू!

समजा, तुमची एक आतेबहीण आहे. कॉलेजात शिकते आणि दर रविवारी पहाटे पक्षी पाहायला जाते. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ केला : पक्षी पाहायला दुर्बीण कोणती घ्यावी? त्यात ती सांगते, की दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. त्यातला ८ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ती हेही सांगते, की वीसपट, तीसपट म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींच्या नादी लागू नका. जेवढी पट जास्त, तेवढा हाताचा कंपही मोठा दिसतो. फांदीवरचा खंड्या नुसता थरथरत राहतो! मग व्हिडिओखाली ती एका ऑनलाइन दुकानाचा दुवा, म्हणजे लिंक, देते.

ही लिंक साधी नसते. तिच्या शेवटी एक शेपूट असतं आणि त्या शेपटात ताईच्या नावाची खूण असते. दुकानाकडे नाव नोंदवलं, की ही खूण मिळते. कुणी त्या लिंकवर बोट ठेवलं, की दुकानाला कळतं, हे गिऱ्हाईक या ताईनं पाठवलंय.

पण गिऱ्हाईक लगेच कुठं खरेदी करतं? ते बाबांना विचारतं, जेवून येतं, रात्री पुन्हा दुकान उघडतं. मग ताईची आठवण दुकानाला राहते कशी? त्यासाठी असते 'कुकी'. खायची नव्हे बरं का! देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला एक बिल्ला मिळतो. परत आल्यावर बिल्ला दाखवला, की चपला कोणत्या ते बरोबर समजतं. कुकी ही तशीच एक बारीकशी चिठ्ठी. वेबसाइट ती आपल्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात ठेवून देते आणि पुढच्या खेपेला वाचते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरनं ही युक्ती वेबसाठी काढली.

प्रत्येक दुकानाच्या बिल्ल्याची मुदत वेगळी. ॲमेझॉनची असते फक्त २४ तास. तेवढ्यात गिऱ्हाइकानं वस्तू आपल्या टोपलीत टाकून ठेवली असेल, तर मात्र ती विकत घ्यायला ९० दिवसांपर्यंत सवलत. आणि गंमत म्हणजे, गिऱ्हाईक दुर्बीण पाहायला गेलं आणि शेवटी प्रेशर कुकर घेऊन आलं, तर सहसा कुकरचंही कमिशन ताईला मिळतं! उलटंही होतं. ताईचा व्हिडिओ पाहून कुणी दुर्बीण ठरवली, पण विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याच कुणाच्या लिंकवर बोट ठेवलं, तर बहुतेक ठिकाणी कमिशन त्या दुसऱ्याला जातं. मेहनत ताईची आणि ताट भलत्याचंच! आणि हो, स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी खरेदी करून कमिशन घ्यायची युक्ती तुमच्या डोक्यात आली असेल, तर ती ॲमेझॉनच्या डोक्यात आधीच आलेली आहे. चालत नाही.

ही कल्पना तशी जुनीच. सीडीनाऊ नावाच्या गाण्यांच्या ऑनलाइन दुकानानं १९९४ मध्येच दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून गिऱ्हाइकं घ्यायला सुरुवात केली होती. ॲमेझॉन सुरुवातीला फक्त पुस्तकं विकायची. तिनं जुलै १९९६ मध्ये आपली योजना काढली आणि मग हा प्रकार जगभर पसरला. भारतात ॲमेझॉनचं दुकान उघडलं २०१३ मध्ये.

आता पैशांचं बघू. वही घ्या. समजा, ताईचा व्हिडिओ महिन्याभरात २००० जणांनी पाहिला. त्यातल्या ६० जणांनी लिंक उघडली. प्रत्यक्ष दुर्बीण घेतली दोघांनी. दुर्बीण ४००० रुपयांची आणि कमिशन ४ टक्के धरलं, तर एकीमागे १६० रुपये, म्हणजे दोन्हींचे मिळून ३२०. त्यातल्या एकानं आठवड्यात दुर्बीण परत पाठवली. परत गेलेल्या मालावर कमिशन नसतं. राहिले १६०. तेही आज नाही मिळायचे. ॲमेझॉनच्या पद्धतीप्रमाणे तो महिना संपल्यावर सुमारे ६० दिवसांनी! हे आकडे मी धरलेले आहेत, कुणाचे कमी असतील, कुणाचे पुष्कळ जास्त. पण पत्रातल्या पन्नास हजारांना या हिशेबानं भागून पाहा. किती दुर्बिणी विकाव्या लागतील? ३१२ पेक्षा जास्त. दर महिन्याला! असे पैसे मिळवणारी माणसं आहेत, नाही असं नाही. पण ती बहुधा वर्षानुवर्षं एकाच विषयावर लिहीत किंवा बोलत आलेली असतात आणि त्यांचं ऐकणारी माणसं लाखांनी असतात.

शिवाय, दुकान दुसऱ्याचं म्हटलं की दरही त्याचाच. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेत फर्निचरसारख्या वस्तूंवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं आणि किराणा मालावरचं ५ वरून १ वर. एका झटक्यात! ज्यांचं घर त्यावर चालत होतं, त्यांनी काय केलं असेल?

काही जण मग आडवाटेला जातात. ईबे या अमेरिकन कंपनीच्या एका मोठ्या ॲफिलिएटनं तर कमाल केली. लोकांनी लिंकवर बोटही ठेवलेलं नसताना, त्यांना न कळत, त्यांच्या संगणकात तो आपली कुकी सरकवून द्यायचा. म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात गुपचूप बिल्ला टाकायचा आणि त्यातलं कुणी आपापलं देवळात गेलं, की "हा मीच पाठवला" म्हणायचं. २०१४ मध्ये तिथल्या कोर्टानं त्याला पाच महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली.

पण मला जास्त काळजी वाटते ती याहून साध्या गोष्टीची. पुन्हा ताईकडे या. चांगल्या ८×४२ वर कमिशन १६० रुपये आणि एका थरथरणाऱ्या तीसपट दुर्बिणीवर, समजा, ५०० रुपये. पाहणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. ताईनं कोणती सांगावी? तिच्या भरवशावर कुणीतरी शाळकरी मुलगी वर्षभराची बचत खर्च करणार आहे. ड्रायव्हर या ढाब्यावर का थांबला, वडे चांगले म्हणून की ताट फुकट म्हणून, हे प्रवाशाला कळायला नको का?

कळायलाच हवं, असं आता नियमही सांगतात. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानं जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या. पैसे, कमिशन किंवा फुकट वस्तू घेऊन काही सुचवत असाल, तर तसं स्पष्ट आणि सहज दिसेल असं लिहा. खोटी भलामण करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. माझं मत विचाराल, तर "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं" असं सरळ सांगणाऱ्या माणसाचं मी जास्त ऐकतो.

आता ते पत्र. पाच हजार भरायचे का?

बाळा, भरू नकोस. का ते सांगतो. खऱ्या योजनेत नाव घालायला सहसा पैसे पडत नाहीत. ॲमेझॉनची योजना फुकट आहे. तुला गिऱ्हाईक आणायचंय, मग तूच दुकानाला पैसे का द्यायचे? दुसरं, दादाच्या मित्राला एवढंच विचार, की तू विकतोस काय? दुर्बिणी, पुस्तकं, चपला असं काही सांगितलं तर ठीक. पण तो म्हणाला, "मी हाच कोर्स विकतो," तर सावध हो. कोर्समध्ये शिकवायचं काय, तर तोच कोर्स दुसऱ्याला कसा विकायचा! म्हणजे तुझ्या पाच हजारांतलं कमिशन त्याला आणि तुझे पैसे वसूल व्हायचे तर तू तुझ्या वर्गातले मित्र गाठायचे. इथं माल नावापुरता असतो. खरा माल म्हणजे पुढचं माणूस.

आणि पुढची माणसं संपतात. एकानं तिघांना आणलं, त्या प्रत्येकानं आणखी तिघांना... ३, ९, २७, ८१. करत जा. सतराव्या पायरीला आकडा येतो १२ कोटी ९१ लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख! पाळण्यातली बाळंसुद्धा पुरायची नाहीत. साखळी कुठल्याही पायरीवर तुटू द्या, सगळ्यांत खालच्या पायरीवर एकूण माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसं असतात आणि त्यांच्याखाली कुणीच नसतं. (खरं वाटत नसेल, तर चौथ्या पायरीवर तोडून पाहा : एकूण १२१, त्यांतले ८१ तळाला.) नुसती माणसं जोडून पैसा फिरवणाऱ्या अशा साखळ्यांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही 'पिरॅमिड' योजनांना मनाई आहे. तरी नवनवी नावं घेऊन त्या येतात. म्हणून नावावर जाऊ नकोस. शेवटी खिशातून पैसे कोण काढतंय आणि त्याला त्याबदल्यात कामाचं काय मिळतंय, एवढं शोध.

आणखी एक. तुझं वय अठराच्या आत आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही. त्यानं केलेला करार मुळातच रद्दबातल, असं १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं एका कलकत्त्याच्या खटल्यात ठरवलं. ॲफिलिएट योजना म्हणजे करारच की! तेव्हा खरी योजनासुद्धा आई-बाबांच्या नावानं आणि त्यांच्या संमतीनंच. पण घाई कशाला? ॲमेझॉनकडे नाव घातल्यावर पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं. आधी ज्यातलं तुला खरंच कळतं, मग ते बुद्धिबळ असो, सायकल असो की चित्रकलेचे ब्रश, त्याबद्दल वर्षभर लिही. कुणी वाचतंय का बघ. मुंजीचे पैसे तोवर बँकेत राहू दे.

या आठवड्याचा उद्योग : घरच्या मोबाइलवर वस्तूंची शिफारस करणारे तीन व्हिडिओ काढा आणि त्यांच्याखालचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचा. कमिशन मिळतं असं किती जणांनी लिहिलंय? कोणत्या शब्दांत? दिसेल असं की शोधावं लागेल असं? पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात पाहू या : दुकानात '५० टक्के सूट' लिहिलेलं असतं, ती सूट नक्की कशावर?

— तुमचा काका