विहाराची चावी संध्याकाळी कोणाकडे असते?

गेल्या काही वर्षांत शाळकरी मुलांविषयी दोन सरकारी निर्णय झाले. आपल्या चळवळीत त्यांची फारशी चर्चा झाली नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची एक संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात बसायचे. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश देऊ नये असे सांगितले. कोटा शहरातल्या आत्महत्यांनंतर असे काही होणे गरजेचेच होते.

पण दोन्ही निर्णय एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे शाळा सुटल्यावर मुलाला घेऊन बसणारे घरी कोणीतरी आहे. ज्यांच्या घरी ते आहे त्यांचे ठीक चालले आहे. आपल्या वस्तीत मात्र आई धुणीभांडी करून आठला घरी येते, वडील सेक्युरिटीच्या रात्रपाळीला निघतात आणि दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो. अशा घरातली आठवीतली मुलगी संध्याकाळी सहा ते आठ काय करते, याचे उत्तर ना शाळेकडे आहे, ना सरकारकडे. ते आपल्याकडेही नाही.

कायद्याची रेघ कुठे आहे ते नीट पाहायला हवे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत लागू होतो. शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंतच मिळते. दुसऱ्या टोकाला, वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी असलेली स्वाधार योजना दहावीनंतर सुरू होते. बार्टीचे स्पर्धा परीक्षा प्रशिक्षण आणि संशोधनाची अधिछात्रवृत्ती तर आणखी पुढची गोष्ट. मधल्या नववी-दहावीला शिष्यवृत्ती आहे, नाही असे नाही. मात्र बीजगणित अडले तर ती शेजारी बसून ते समजावून देत नाही. शाळा सुटण्याचे प्रमाणही प्राथमिकपेक्षा माध्यमिक टप्प्यावर कितीतरी जास्त आहे. आधार सुटतो तिथेच मूलही सुटते.

असर २०२३ या पाहणीने देशातल्या २६ राज्यांमधल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुले तपासली. त्यातली सुमारे एक चतुर्थांश मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचू शकली नाहीत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक जणांना जमले नाही. ही मुले शाळेत गेलेली आहेत, बरीचशी आजही जात आहेत. बार्टीच्या वर्गापर्यंत पोहोचण्याआधीच यातली किती गळतात, ते पाहायला प्रत्येकाने आपल्याच गल्लीतली पोरे मोजावीत.

आता आपला पैसा आणि वेळ कुठे जातो ते पाहू. जयंतीवर टीका करायचा माझा हेतू नाही. १४ एप्रिलला वस्ती जशी उजळते तशी वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी उजळत नाही आणि त्या उजेडाचीही माणसाला गरज असते. चांगली गोष्ट म्हणजे मागच्या दहा-पंधरा वर्षांत अनेक विहारांत अभ्यासिका निघाल्या. पण त्या बहुतेक एमपीएससी, पोलीस भरती आणि बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांच्या. मुले बाविशी-पंचविशीतली. त्यांना शांतता हवी असते, म्हणून दारावर पाटी लागते : लहान मुलांना प्रवेश नाही.

मी एका शहरात अशाच एका विहारात सातवी ते नववीच्या मुलांना संध्याकाळी बसवायचा प्रयत्न केला होता. सभागृह मोठे, पंखे चालू, सतरंज्या होत्या. अडचण एकच होती, चावी. ती कमिटीतल्या एका काकांकडे असे आणि काका सहाला फिरायला जात. पंधरा मुले पायरीवर बसून वाट बघत. दोन आठवड्यांनी नऊ उरली, महिन्याने चार. काका वाईट नव्हते. विहार रविवारच्या वंदनेला उघडायचा असतो, एवढेच त्यांना ठाऊक होते. मीही दुसरी चावी करून घेण्याऐवजी कमिटीच्या बैठकीची वाट पाहत राहिलो, ती चूक माझी.

हे काम आपल्याला नवीन नाही. २० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेही हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे ज्या वयाविषयी आपण बोलत आहोत, सुरुवात तिथूनच झाली होती. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले आणि तरुण मुलांनी जुगार-दारूकडे वळू नये म्हणून हॉकीचा क्लबसुद्धा काढला. राहायला जागा, वाचायला पुस्तक, हाताला काम आणि खेळायला संघ, हे सगळे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधीचे आहे. १९२७ च्या महाडची चर्चा आपण दरवर्षी करतो. त्याच्या आधीच्या तीन वर्षांची मात्र कोणी फारशी करत नाही.

अलीकडचे उदाहरण हवे तर नागपूरचे घ्या. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलभोवती गोळा करून ‘स्लम सॉकर’ सुरू केले. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२) त्यावरच बेतलेला आहे. त्यातला जयंतीचा प्रसंग आपण सगळ्यांनी मोबाईलवर फिरवला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सुरुवातीचा भाग : मास्तर पोरांना पैसे देऊन खेळायला बोलावतात, मग एक दिवस पैसे बंद करतात, तरी पोरे येतात. कारण तोपर्यंत त्यांना रोज ठरल्या वेळी येणारा एक माणूस मिळालेला असतो.

अशा माणसासाठी धम्मात शब्द आहे : कल्याणमित्र. इंग्रजीतून आलेल्या ‘मेंटॉर’पेक्षा मला तो जवळचा वाटतो. सिगालोवाद सुत्तात शिष्याविषयी आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. चांगले वळण लावणे, नीट समजेल असे शिकवणे, आपल्याला येते ते सगळे देणे, ही तीन सगळ्यांना माहीत असतात. उरलेली दोन मात्र आपण विसरतो. आपल्या मित्रमंडळींत त्याचे नाव चांगले करून देणे आणि सर्व दिशांनी त्याचे संरक्षण करणे. आजच्या भाषेत पहिल्याचा अर्थ, मुलीला आपल्या ओळखीच्या वकिलाकडे, पत्रकाराकडे, इंजिनिअरकडे घेऊन जाणे. दुसऱ्याचा अर्थ जातीच्या दाखल्यापासून जात पडताळणीपर्यंत आणि महाडीबीटीच्या फॉर्मपर्यंत सोबत करणे. बारावी सायन्सच्या मुलाचा पडताळणीचा अर्ज वेळेत गेला नाही, तर त्याच्या टक्क्यांचा उपयोग काय?

नेतृत्वाबद्दलही बोलायला हवे, कारण ‘युवा नेतृत्व शिबिर’ या नावाखाली आपण बहुधा दोन दिवसांची भाषणे ठेवतो. तरुण ऐकतो, घोषणा देतो, घरी जातो. पुढे मोर्चा निघतो तेव्हा सगळ्यात पुढे तोच असतो. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्याचा अर्थ काय होतो, हे ज्यांच्यावर बेतले त्यांना विचारा. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे आणि ती लढाई लढलीच पाहिजे. पण आपल्यासाठीही एक प्रश्न उरतो. ज्यांना आपण रस्त्यावर बोलावतो त्यांना कोणी शिकवले की ताब्यात घेतले तर वकिलाची मागणी कशी करायची, कोणाला कुठे नेले याची यादी कोणी ठेवायची, घरच्यांना कोणी कळवायचे? हे शिबिरात दोन दिवसांत अंगात येत नाही. नववीतल्या मुलीने महिनाभर वर्गाची हजेरी आणि खडू-वह्यांच्या दोनशे रुपयांचा हिशेब ठेवला, नळाला पाणी येत नाही म्हणून वॉर्ड कार्यालयात स्वतः अर्ज लिहिला आणि त्याची पोच घेतली, तर ते नेतृत्व. अकरावीतल्या मुलाने सातवीतल्याला भागाकार शिकवला, तर दोघेही शिकतात.

एक अवघड गोष्टही सांगतो. लहान मुले आणि मोठी माणसे एकत्र येतात तिथे नियम लागतात, विहार असला तरी. वर्गात कायम दोन मोठी माणसे हवीत, त्यात एक बाई असावी. दार उघडे, एकट्या मुलाला कोणी घरी बोलवायचे नाही, रात्री परतणाऱ्या मुलींना कोण सोडणार हे आधी ठरलेले हवे. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तरी आपल्या किती कमिट्यांनी त्यावर एक बैठक घेतली? ‘आपलीच माणसे आहेत’ असे म्हणून हा विषय टाळणाऱ्या ठिकाणी पालक मुलींना पाठवत नाहीत आणि त्यांचे बरोबरच आहे. मग वर्ग फक्त मुलग्यांचा होतो.

माणसे कुठून आणायची, हा प्रश्न दर वेळी येतो. निवृत्त शिक्षिका प्रत्येक वस्तीत एखादी तरी असते. नोकरीला लागलेली, फ्लॅटमध्ये राहायला गेलेली आपली पिढी दर जयंतीला पाच हजारांची पावती फाडते. तिच्याकडे पैशाऐवजी आठवड्यातली एक संध्याकाळ मागून पाहा. सातपैकी पाच संध्याकाळी पाच वेगळी माणसे आली तरी चालते, पण ठरलेला माणूस ठरलेल्या वारी आलाच पाहिजे. शंभर मुलांचे उद्घाटन आणि महिन्याने शून्य, यापेक्षा बारा मुलांचा वर्ग वर्षभर चालवणे कठीण आहे आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मे महिन्यात कमिटीपुढे येतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्या बैठकीत दोन ठराव मांडता येतील : शिल्लक रकमेतून दोन ट्यूबलाइट आणि एक फळा घ्यावा आणि विहाराच्या कुलपाची दुसरी चावी करून ती वर्ग घेणाऱ्या ताईंकडे द्यावी. दुसऱ्या ठरावाला विरोध होईल. तेव्हा हात वर करायला आपण तिथे हजर असलो पाहिजे.